खून म्हणायचे कोणी?

सीनाय पर्वतावर मोशेला मिळालेल्या दहा आज्ञांपैकी एक माणसाच्या जिवाबद्दल आहे. मूळ हिब्रूत ती जेमतेम दोन शब्दांची आहे, एक नकार आणि एक क्रियापद. यहुदी, ऑर्थोडॉक्स आणि बहुतेक प्रोटेस्टंट तिला सहावी आज्ञा म्हणतात, कॅथलिक आणि लुथरन पाचवी. इंग्रजी बोलणाऱ्या जगाने ही आज्ञा शतकानुशतके 'किल' या क्रियापदाने पाठ केली. विल्यम टिंडलच्या 1530 च्या भाषांतरात हेच क्रियापद आहे आणि 1611 च्या किंग जेम्स बायबलातही हेच. पुढे बहुतेक आधुनिक भाषांतरांनी ते काढून तिथे 'मर्डर' घातले. मराठी बायबल वाचणाऱ्याच्या हे चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे तिथे 'खून' हाच शब्द आहे, म्हणजे आपण आधीपासूनच दुसऱ्या पक्षात आहोत. हा फरक व्याकरणाचा असता तर तो पंडितांवर सोपवून मोकळे होता आले असते. पण 'किल' म्हणजे जीव घेणे आणि 'मर्डर' म्हणजे अन्यायाने जीव घेणे, यांतला कोणता शब्द निवडायचा यावर फाशी, युद्ध, स्वसंरक्षण आणि पोलिसांची गोळी या सगळ्यांबद्दल धर्माने काय म्हणायचे हे ठरत आले आहे. मला असे वाटते की 'मर्डर'ने एक चूक दुरुस्त केली आणि तिच्या जागी अधिक धोक्याची दुसरी चूक आणून बसवली.

आधी 'मर्डर'च्या बाजूने जे म्हणता येते ते नीट म्हटले पाहिजे, कारण ती बाजू भक्कम आहे. आज्ञेतले हिब्रू क्रियापद 'रात्साख'. ते जनावर मारण्यासाठी वापरत नाहीत. रणांगणावर शत्रूला मारण्यासाठी हिब्रू बायबल इतर क्रियापदे वापरते. शिवाय ज्या ग्रंथात ही आज्ञा आहे त्याच ग्रंथात पुढच्याच अध्यायात कोणत्या अपराधाला मृत्युदंड द्यायचा याची यादी आहे. सरसकट जीव घेण्यावर बंदी असती तर ग्रंथ स्वतःशीच भांडतो असे म्हणावे लागले असते. बाराव्या शतकात उत्तर फ्रान्समधला यहुदी भाष्यकार रशबाम याने हाच मुद्दा ख्रिस्ती प्रतिपक्षापुढे मांडला. लॅटिन बायबलात या आज्ञेसाठी जे क्रियापद आहे तेच, देव मारतो आणि जिवंत करतो असे जिथे म्हटले आहे तिथेही आहे. रशबामचे म्हणणे असे की आज्ञेतले क्रियापद विनाकारण जीव घेण्याचे आहे, दुसरे सर्वसाधारण जीव घेण्याचे, आणि लॅटिनने दोन्ही एकत्र करून टाकले. 'मर्डर' इंग्रजीतही अगदी नवा नाही. चर्च ऑफ इंग्लंडच्या प्रार्थनापुस्तकात आज्ञा म्हणताना तोच शब्द होता. किंग जेम्स बायबलातसुद्धा, येशू याच आज्ञेची आठवण करून देतो त्या मत्तयच्या 19 व्या अध्यायात 'किल' नसून 'मर्डर' आहे. म्हणजे एकाच बायबलात एकच आज्ञा दोन शब्दांनी छापलेली होती आणि पिढ्यान्‌पिढ्या लोक दोन्ही वाचत होते.

तरीही आज्ञेतल्या क्रियापदाचा अर्थ 'मर्डर'च, हा दावा हिब्रू ग्रंथापुढे टिकत नाही. गणना या पुस्तकाच्या 35 व्या अध्यायात सहा शरणपुरांचा कायदा आहे, तीन यार्देन नदीच्या अलीकडे, तीन पलीकडे. ज्याच्या हातून नकळत माणूस मेला त्याने या नगरांपैकी एकात पळून जायचे, म्हणजे मेलेल्याचा नातलग सूड घेऊ शकणार नाही. अनुवाद या पुस्तकात त्याचे उदाहरण दिले आहे. दोघे शेजारी लाकडे तोडायला रानात जातात. एकजण कुऱ्हाड उगारतो, पाते दांड्यातून निसटते आणि दुसऱ्याला लागून तो मरतो. मनात वैर नव्हते, हेतू नव्हता, भांडणही नव्हते. कोणत्याही इंग्रजी न्यायालयात याला 'मर्डर' म्हणणार नाहीत. पण हिब्रू ग्रंथ या माणसाला ज्या नावाने ओळखतो ते नाव 'रात्साख' याच क्रियापदापासून बनले आहे. गणनाच्या त्या 35 व्या अध्यायात, हा माणूस हद्दीबाहेर सापडला आणि सूड घेणाऱ्याने त्याला ठार केले तर त्या कृत्यालाही हेच क्रियापद आहे, आणि त्याचा दोष मात्र लागत नाही. एवढेच नव्हे, साक्षीदारांच्या पुराव्यावर दोषी ठरलेल्याला देहदंड द्यायचा, तर तो देहदंडही याच क्रियापदाने सांगितला आहे. अपघात, माफ असलेला सूड, कायद्याने दिलेली शिक्षा, सगळे एका शब्दाखाली येते. उलट बाजूनेही रेघ पुसट होते. काइनाने भावाला शेतात नेऊन मारले. याहून उघड खून कोणता? पण तिथे ग्रंथाने आज्ञेतला शब्द वापरलेलाच नाही, साधा मारण्याचा 'हाराग' वापरला आहे.

या सगळ्यांत मला सर्वांत जड वाटतो तो नाबोथाचा मृत्यू. इज्रेलमध्ये राजा अहाबाच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तो भाजीच्या बागेसाठी हवा होता. वाडवडिलांची जमीन म्हणून नाबोथाने नकार दिला. मग राणी ईजबेलने राजाच्या नावाने पत्रे लिहिली, त्यांवर राजाची मोहोर उठवली आणि गावच्या वडीलधाऱ्यांकडे पाठवली. वडीलधाऱ्यांनी उपास जाहीर केला, लोक जमवले, नाबोथाला समोर बसवले. कायद्याला दोन साक्षीदार लागतात, दोन उभे केले. त्यांनी देवाची आणि राजाची निंदा केल्याचा आरोप केला. त्याला गावाबाहेर नेऊन दगडमार केला. कागदावर बघावे तर सगळे रीतसर आहे. आरोप आहे, सभा आहे, साक्षी आहेत, शिक्षा ठरलेल्या पद्धतीची आहे. अहाबाने तर हातही लावलेला नाही. तो मळ्याचा ताबा घ्यायला निघतो तेव्हा एलीया संदेष्टा त्याला गाठतो आणि जे विचारतो त्यात आज्ञेतलेच क्रियापद आहे. 'मर्डर'ची नेहमीची व्याख्या बेकायदा हत्या अशी करतात. त्या व्याख्येने चालले तर एलीया चुकीचा ठरतो, कारण इथे शिक्का कायद्याचाच होता. साक्षी खोट्या होत्या म्हणून शिक्षा बेकायदा, असे आपण आज सहज म्हणू. पण इज्रेलमध्ये त्या दिवशी हे म्हणणारे न्यायपीठ नव्हते. तो शब्द बाहेरून आणावा लागला, आणि तो आणणाऱ्याकडे राजाचा कोणताही अधिकार नव्हता.

इथे दोन इंग्रजी शब्दांतला खरा फरक दिसतो. 'किल' घटना सांगतो. 'मर्डर' निकाल सांगतो. एखाद्या मृत्यूला 'मर्डर' म्हणायचे तर त्याआधी कोणीतरी हेतू, कारण, अधिकार तपासून निर्णय दिलेला असतो. म्हणून 'मर्डर करू नये' या वाक्यात अन्यायाने मारणे अन्यायाचे आहे एवढेच उरते, आणि ते कोण नाकारील? स्वतःला खुनी समजून कोणी मारत नाही. मारणाऱ्याकडे जवळजवळ नेहमी कारण असते: देश, अब्रू, धर्म, हुकूम, भीती. आज्ञा जर फक्त विनाकारण मारण्याला लागू असेल तर कारण सापडताक्षणी ती आपल्याला लागू नाही असे मारणारा स्वतःच ठरवून टाकतो. त्यात हा शब्द इंग्लंडच्या कायद्यात कसा वाढला तेही पाहण्यासारखे आहे. 1066 नंतर नॉर्मनांनी जिंकलेल्या इंग्लंडमध्ये एखादा नॉर्मन मारलेला आढळला आणि मारेकरी सापडला नाही तर त्या भागातल्या लोकांवर 'मर्ड्रम' नावाचा दंड बसे. मेलेला माणूस इंग्रज होता हे सिद्ध केले की दंड माफ. 1340 पर्यंत ही पद्धत कायद्यात होती. प्रेत तेच, जखम तीच, पण दंड बसायचा की नाही हे मेलेल्याच्या जातकुळीवर ठरे. निकाल देणारा शब्द निकाल देणाऱ्या सत्तेच्या हातात असतो तो असा.

कायद्याला असे भेद करावेच लागतात, हे मला मान्य आहे. 1860 च्या भारतीय दंडसंहितेने सदोष मनुष्यवध कलम 299 मध्ये आणि खून कलम 300 मध्ये वेगळा केला. 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तीच कलमे 100 आणि 101 झाली. हा भेद समजावताना वकील आजही मुंबई उच्च न्यायालयाचा 1876 चा गोविंदा खटला सांगतात. अठरा वर्षांच्या नवऱ्याने पंधरा वर्षांच्या बायकोला लाथ मारली, पाठीत बुक्के मारले, ती खाली पडल्यावर छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर दोन-तीन ठोसे लगावले. कवटी फुटली नाही, पण मेंदूत रक्तस्राव होऊन ती मेली. सत्र न्यायालयाने खून म्हणून फाशी दिली होती. न्यायमूर्ती मेलव्हिल यांनी दोन्ही कलमांतला शब्द न्‌ शब्द तपासून ठरवले की मारण्याचा हेतू नव्हता आणि इजाही सर्वसाधारणपणे जीव घेईल अशी नव्हती, म्हणून हा खून नव्हे, सदोष मनुष्यवध. शिक्षा मोजून द्यायची तर अशी बारकाई हवीच. त्या मुलाला फाशी झाली असती तर न्याय झाला असता असे मी म्हणणार नाही. पण दंडसंहितेचे कलम आणि आज्ञा एका जातीची वाक्ये नाहीत. दहा आज्ञांत शिक्षा लिहिलेल्या नाहीत. किती शिक्षा द्यायची हा प्रश्न तिथे नाहीच. छातीवर गुडघा रोवलेल्या क्षणी त्या मुलाला लागू होणारे वाक्य कोणते होते, हा प्रश्न आहे. तिथे 'हा खून ठरणार नाही' हे उत्तर होऊ शकत नाही, मग पुढे न्यायालयाने काहीही ठरवो.

यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप एलिझाबेथ अ‍ॅन्सकम या तत्त्वज्ञ बाईंचा आहे. त्या कॅथलिक होत्या. 1956 मध्ये ऑक्सफर्ड विद्यापीठाने अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांना मानद पदवी द्यायचे ठरवले तेव्हा, हिरोशिमा आणि नागासाकीत निरपराध नागरिक मारण्याचा हुकूम देणाऱ्याला हा मान देऊ नये म्हणून त्यांनी विरोध केला. 1961 च्या आपल्या निबंधात त्यांनी सरसकट अहिंसावादावरही तितकीच कठोर टीका केली. त्यांचा युक्तिवाद असा की कुठलेही रक्त सांडणे सारखेच पाप आहे असे शिकवले की निरपराधाला मारणे आणि हल्लेखोराला मारणे यांतली रेघ पुसली जाते. लोकांना तर युद्ध टाळता येत नाही. मग ते म्हणतात, पाप होणारच आहे, तर कोणालाही मारा. 'किल' या रुंद शब्दाने शेवटी शहरांवर बाँब टाकणाऱ्यांचीच सोय होते. हा आक्षेप खरा आहे. टॉलस्टॉयने इटलीचा राजा उंबेर्तो याच्या 1900 मधल्या हत्येनंतर याच आज्ञेच्या नावाने लेख लिहिला आणि राजाचा मारेकरी आणि सैन्ये पाठवणारे राजे यांना एका मापाने मोजले. त्याची तळमळ मला भिडते, पण त्याच्या मापाने गोठ्यावर चाल करून येणारा दरोडेखोर आणि त्याला अडवणारा घरधनी यांना वेगळे करता येत नाही. मात्र अ‍ॅन्सकम बाईंनी ट्रूमनबद्दल जे केले तेच त्यांच्या शब्दनिवडीविरुद्ध पुरावा देते. बाँब टाकणाऱ्यांनी त्याला खून मानले नव्हते. त्यांच्या हिशेबी युद्ध लवकर संपवण्याचे कारण होते, अधिकार होता, हुकूम रीतसर होता. 'मर्डर' हा शब्द तिथे बाईंनी बाहेरून आणला, एलीयासारखाच. भेद पाळायचे ही गोष्ट त्या बरोबर सांगतात. पण ते भेद करण्याचे काम ज्याने मारले त्याच्याकडे असू नये, एवढी अट त्यांच्याच उदाहरणातून निघते.

शरणपुरांच्या कायद्यात ही अट अगदी स्पष्ट आहे. तिथे मारणारा आपला निवाडा आपण करत नाही, मेलेल्याचा नातलगही करत नाही. दोघांच्या मध्ये मंडळी बसते आणि ठरवते. एका साक्षीदारावर कोणाला देहदंड होत नाही. निर्दोष ठरलेल्यालाही लगेच घरी जाता येत नाही. महायाजक मरेपर्यंत त्याने त्या नगरात राहायचे, आणि पैसे भरून लवकर सुटका करून घ्यायला मनाई आहे. याउलट ऑगस्टीन या ख्रिस्ती धर्मपंडिताने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला लिहिले की वैध सत्तेच्या हुकमाने मारणारा स्वतः मारत नाही, तो दुसऱ्याच्या हातातल्या तलवारीसारखा असतो. ख्रिस्ती जगात हे वाक्य शेकडो वर्षे उपयोगी पडले आणि माझ्या मते त्याने सर्वांत जास्त नुकसान केले. शरणपुराच्या कायद्यात कुऱ्हाडीचे पाते दांड्यातून निसटले, पण ज्याच्या हातात दांडा होता तो माणूस पाते ठरला नाही.

कोणी म्हणेल, ही क्रूरता झाली. ज्याचा हेतू नव्हता त्याला, किंवा देशासाठी लढलेल्या शिपायाला, खुन्याच्याच शब्दात का बांधायचे? यहुदी परंपरेने याचे उत्तर दिलेले आहे आणि ते अतिशय माणुसकीचे आहे. मिश्ना या यहुदी नियमसंग्रहाच्या 'मक्कोत' या भागात शरणपुरात आलेल्या अशा माणसाबद्दल एक नियम आहे. गावातले लोक त्याला मान देऊ लागले तर त्याने आधी आपण मनुष्यघातक आहोत हे सांगायचे. त्यावरही ते म्हणाले की असू दे, तर मान घ्यायचा. शब्द त्याने स्वतः उच्चारायचा, माफी इतरांनी द्यायची. त्याच भागात असेही आहे की महायाजकांच्या आया या माणसांना अन्नवस्त्र पुरवत, म्हणजे घरी जायची घाई झालेली ही माणसे त्या आयांच्या मुलांच्या मरणाची प्रार्थना करणार नाहीत. दावीद राजाची युद्धे देवाच्या बाजूची होती असे ग्रंथच सांगतो, तरी हातून फार रक्त सांडले म्हणून त्याला मंदिर बांधू दिले नाही. ख्रिस्ती युरोपातही हे भान अगदीच मेलेले नव्हते. इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन विल्यमने हेस्टिंग्जची लढाई पोपच्या पाठिंब्याने लढली. तरी नंतर नॉर्मन शिपायांना बिशपांनी प्रायश्चित्त सांगितले: त्या लढाईत ठार केलेल्या प्रत्येक माणसामागे एक वर्ष, घायाळ केलेल्यामागे चाळीस दिवस. किती मारले हे ज्याला माहीत नाही त्याने जन्मभर आठवड्यातला एक दिवस. लढाई न्याय्य होती की नाही हा वाद तिथे काढलेलाच नाही. माणूस मेला आहे, तर हिशेब द्या, एवढेच.

मराठीत या प्रश्नाला आणखी धार येते, कारण आपल्याकडे मारण्याला शब्द पुष्कळ आहेत आणि त्यांत बाजू आधीच भरलेली असते. राक्षसाचा वध होतो, बेवारस माणसाचा खून होतो, बाळाची हत्या होते. 30 जानेवारी 1948 च्या घटनेला गांधीहत्या म्हणायचे की गांधीवध, यावरून बोलणाऱ्याचा पक्ष कळतो. नथुराम गोडसेने न्यायालयात कृत्य नाकारले नाही. त्याने दीर्घ निवेदन वाचून त्याची कारणे दिली. म्हणजे आपल्या कृत्याचे वर्गीकरण आपणच करण्याचा तो प्रयत्न होता, आणि आज वध म्हणणारे त्याला तो अधिकार बहाल करतात. मुंबईने 'एन्काउंटर' हा शब्दही देशाला अंगवळणी पाडला. तोही ज्याने गोळी झाडली त्याच्याच बाजूने दिलेले नाव आहे. 1995 ते 1997 या काळातल्या मुंबई पोलिसांच्या सुमारे 99 चकमकींत साधारण 135 माणसे मेली. त्यांबाबत पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2014 मध्ये निकाल दिला. मेलेले गुन्हेगार होते की नव्हते यावर न्यायालय अडून बसले नाही. चकमकीत माणूस मेला की गुन्हा नोंदवायचा, तपास सीआयडीने किंवा दुसऱ्या पोलीस ठाण्याच्या पथकाने करायचा, दंडाधिकारी चौकशी व्हायचीच. आणि चकमकीनंतर लगेच संबंधित अधिकाऱ्यांना मुदतीआधी बढती किंवा शौर्यपदक द्यायचे नाही. शौर्य निःसंशय सिद्ध झाल्यावरच त्याची शिफारस करायची.